म्हण शिकवायला पाच अंक कशाला?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ शिकवावे की नाही, हा वाद अधूनमधून डोके वर काढतो आणि दर वेळी त्याच दोन खांबांभोवती घुटमळून विरतो. एका बाजूचे म्हणणे असे की, ज्यात घरी आलेल्या पाहुण्याचा झोपेत खून होतो, आईच्या डोळ्यांदेखत लहान मुलाला भोसकले जाते, चेटकिणी कढईत नाही नाही ते उकळतात आणि शेवटी नायकाचे मुंडके रंगमंचावर आणले जाते, असे नाटक कोवळ्या वयात हवेच कशाला? दुसरी बाजू म्हणते की उलट याच वयात ते हवे, कारण हव्यासाचा शेवट काय होतो हे मुलांच्या मनावर ठसायला हवे. पहिल्यांना नाटक म्हणजे विष वाटते, दुसऱ्यांना औषध. नाटक पोटात गेले की ठरलेला परिणाम करते, हे दोघांनीही धरूनच चाललेले असते. भांडण आहे ते परिणाम चांगला की वाईट एवढ्यापुरते. मला हे गृहीतकच मान्य नाही. या वयातल्या मुलांना ‘मॅकबेथ’ द्यावे, काटछाट न करता द्यावे, असे माझे ठाम मत आहे. पण ‘महत्त्वाकांक्षा वाईट’ हे शिकवण्यासाठी द्यायचे असेल, तर न दिलेले बरे. अति तिथे माती हे मराठीत तीन शब्दांत सांगून होते. तेवढ्यासाठी पाच अंक आणि दोन हजारांवर ओळी खर्ची घालायच्या, याला उधळपट्टी म्हणतात.

आधी संहितेकडेच पाहू. ज्या महत्त्वाकांक्षेवरचे हे नाटक समजले जाते, तो शब्द त्यात हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्याच वेळा येतो. मॅकबेथची बायको, लेडी मॅकबेथ, तो नवऱ्याचे पत्र वाचताना वापरते, आणि तोही दोष म्हणून नव्हे: तुझ्यात महत्त्वाकांक्षा नाही असे नाही, तिच्या जोडीला लागणारा वाईटपणा तेवढा नाही, ही तिची तक्रार आहे. मॅकबेथ तो खुनाआधीच्या स्वगतात स्वतःबद्दल वापरतो. आणि महत्त्वाकांक्षेवर खरीखुरी नैतिक टीका, आपल्याच जन्मदात्याला गिळणारी उधळी महत्त्वाकांक्षा अशी, जो करतो तो रॉस नावाचा सरदार ती कोणाबद्दल करतो? मॅकबेथने मारलेल्या डंकन राजाच्या पळून गेलेल्या दोन मुलांबद्दल, म्हणजे ज्यांनी काहीच केलेले नाही त्यांच्याबद्दल. खून पचवला गेला आहे, संशय निरपराधांवर गेला आहे, आणि नेमक्या त्या क्षणी एक शहाणा गृहस्थ महत्त्वाकांक्षेवर सुविचार ऐकवतो आहे. नाटकाचे तात्पर्य म्हणून फळ्यावर लिहिले जाणारे वाक्य नाटककाराने चुकीच्या माणसांवर, चुकीच्या वेळी, फसलेल्या माणसाच्या तोंडी घातले आहे. याला मी योगायोग मानत नाही.

मग पंधरा वर्षांच्या मुलाने या नाटकात पाहायचे काय? माझ्या मते पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश, आणि तोही घाई न करता. राजा आत जेवतो आहे, यजमान बाहेर येऊन एकटा उभा आहे. त्याचे स्वगत सुरू होते ते पापपुण्याने नव्हे, हिशोबाने: एका घावात सगळे संपणार असेल, मागे काही उरणार नसेल, तर परलोकाची जोखीम पत्करली असती. पण मागे उरते. शिकवलेला रक्तपात शिकवणाऱ्याकडेच परत येतो. मग त्याला नाते आठवते, मग आपण यजमान आहोत हे आठवते, खुन्याला दार बंद करायचे ते आपण, सुरी हातात घ्यायची नव्हे. मग डंकनचा साधेपणा आठवतो, आणि शेवटी वाऱ्यावर स्वार झालेल्या उघड्यानागड्या तान्ह्या बाळासारखी करुणा त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते. एवढा विचार करू शकणारा माणूस मूर्ख नाही, आंधळा नाही, ‘वाट चुकलेला’ तर मुळीच नाही. त्याला वाट लख्ख दिसते आहे. बायको येते तेव्हा तो सांगतोही की हे प्रकरण इथेच थांबवू. पण मघाशी स्वतःला सांगितलेले एकही कारण तो तिला सांगत नाही! तिला तो सांगतो की नुकताच माझा सन्मान झाला आहे, लोक चांगले बोलत आहेत, ही नवी कोरी वस्त्रे इतक्यात टाकू नयेत. खरे कारण पोटात ठेवून लटके कारण पुढे करायचे, आणि ते सहज खोडले गेले की आपण हरलो असे समजायचे, ही युक्ती कोणत्या पंधरा वर्षांच्या मुलाला ठाऊक नाही? बायको त्याच्या हिमतीवर बोट ठेवते; तो म्हणतो की माणसाला शोभेल ते सगळे करायची माझी तयारी आहे, त्यापुढे जाणारा माणूसच नव्हे. उत्तर चोख आहे. आणि तरीही काही ओळींनंतर तो विचारतो, आपला बेत फसला तर? प्रश्न ‘करावे का’ असा होता, तो ‘कसे करावे’ असा झाला, आणि तो कधी बदलला हे त्याच्याही लक्षात आले नाही. पहारेकऱ्यांना दारू पाजण्याची योजना तिने मांडली की तो तपशिलात रमतो. शंभर ओळीही होत नाहीत, आणि नको म्हणणारा माणूस तयार झालेला असतो.

कळते पण वळत नाही, असे आपण रोज म्हणतो. ‘जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः, जानाम्यधर्मं न च मे निवृत्तिः’ हे दुर्योधनाच्या तोंडी घातलेले वचन तर पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. पण त्या श्लोकाचा उत्तरार्ध दुर्योधनासाठी एक पळवाट ठेवतो: हृदयात बसलेला कोणी देव मला जसे नेमतो, तसे मी करतो. मॅकबेथला ही पळवाट नाही. चेटकिणी त्याला राजा होशील एवढेच सांगतात. मार असे त्या कधीच म्हणत नाहीत. भविष्य सोबतच्या बँको या सरदारानेही ऐकले, आणि त्याने सुरी उचलली नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे, तसे जे मनात होते ते माळरानावर भेटले. आपल्या बेताला टाच मारायला आपल्यापाशी एकट्या महत्त्वाकांक्षेवाचून काही नाही, आणि ती उडी घेऊन पलीकडच्या अंगाला कोसळणारी आहे, असे तो स्वतःच म्हणतो. देवही नाही, दैवही नाही. म्हणूनच मला हे नाटक महत्त्वाकांक्षेपेक्षा संमतीचे वाटते: माणूस स्वतःकडूनच स्वतःची संमती कशी मिळवतो, याचे. ज्या वयात मुलांना उठता-बसता मोठी स्वप्ने पाहायला सांगितले जाते, आणि ती गाठताना मनाशी जो सौदा होतो त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, त्या वयात हे नाटक हाती पडणे मला अगत्याचे वाटते.

आता विरोधी बाजूचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत त्यांकडे येतो. पहिला वयाचा, आणि तो आजचा नाही. प्लेटोने आपल्या आदर्श नगरीतून कवींना बाहेर काढले, ते तरुण मने अनुकरणाने घडतात या भीतीने. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेची बाजू घेतली खरी, पण नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात त्यानेही म्हणून ठेवले आहे की तरुण हा अशा व्याख्यानांचा योग्य श्रोता नव्हे; त्याला जगण्याचा अनुभव नसतो आणि तो विकारांच्या मागे धावतो. ज्या नाटककाराबद्दल आपण बोलत आहोत त्यानेच ट्रोजन युद्धावरच्या एका नाटकात हे मत हेक्टरच्या तोंडी घातले आहे, तेही ॲरिस्टॉटल जन्मायच्या कित्येक शतके आधीच्या माणसाच्या तोंडी. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. लेडी मॅकबेथने स्वतःच्या हातांनी जीव दिला असे शेवटी सूचित होते; एखाद्या वर्गात त्या ओळीपाशी गप्प होणारे मूल असू शकते, आणि शिक्षकाला ते दिसले पाहिजे. ज्याला आपला वर्ग माहीत नाही त्याने हे नाटक हाती घेऊ नये, हे मी बिनशर्त मान्य करतो.

पण एक गोष्ट विसरली जाते. 1606च्या सुमारास हे नाटक लिहिले गेले तेव्हा इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया नव्हत्या; स्त्रीभूमिका मुलगे करत. ‘या, खुनी विचारांच्या सोबती शक्तींनो, माझे स्त्रीपण काढून घ्या’ हे आवाहन, बोटांवरचा न निघणारा डाग, अरबस्तानातली सगळी अत्तरेही गोड करू शकणार नाहीत असा तो लहानसा हात, हे सारे पहिल्यांदा उच्चारले ते मिसरूड फुटायच्या वयातल्या कोणा मुलाने. ज्या वयाला आपण हे नाटक झेपणार नाही म्हणतो, त्याच वयाच्या खांद्यावर नाटककाराने त्यातली सर्वांत अवघड भूमिका ठेवली होती. त्या मुलाला सगळे कळले असेल का? कदाचित नसेल. आपल्याला तरी चाळिशीत सगळे कळते का? अनुभव आल्याशिवाय नाटक कळणार नाही असे म्हणायचे, तर राजाचा खून केल्याचा अनुभव असलेले वाचक मिळणे कठीणच. नाटक अनुभवाची अट घालत नाही. ते अनुभवाची रंगीत तालीम घडवते, आणि तालीम प्रयोगाच्या आधी असते.

‘मग जरा सोपे करून, धार बोथट करून द्या’ ही मधली वाट अनेकांना शहाणपणाची वाटते. ती दोनशे वर्षांपूर्वीच चालून झाली आहे. 1807 साली इंग्लंडमध्ये दोन पुस्तके निघाली. एक होते बौडलर भावंडांचे घरगुती शेक्सपिअर, ज्यातून कुटुंबात मोठ्याने वाचता येणार नाहीत असे शब्द गाळले होते. 1818 साली त्याची सगळी नाटके असलेली मोठी आवृत्ती निघाली, आणि पुस्तकांची अशी छाटणी करण्याला इंग्रजीत त्या आडनावाचेच क्रियापद चिकटले. दुसरे होते चार्ल्स आणि मेरी लॅम्ब यांनी मुलांसाठी सांगितलेल्या शेक्सपिअरच्या कथा. हे दुसरे पुस्तक प्रेमाने लिहिलेले आहे आणि कित्येक पिढ्यांना त्याने शेक्सपिअरच्या उंबऱ्यापर्यंत आणले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यातली ‘मॅकबेथ’ची कथा वाचून पाहा. खुनाच्या रात्री दार उघडायला येणारा झिंगलेला द्वारपाल त्यात नाही. झोपेत चालत हात चोळणारी राणी त्यात नाही. पश्चात्ताप आणि लोकांचा द्वेष न सोसून तिने स्वतःच जीव दिला असावा, एवढे सांगून तिला वाटेला लावले आहे. गोष्ट उरली, कोण कोणाला मारतो आणि शेवटी कोण गादीवर बसतो ते उरले, पण ज्यासाठी नाटक लिहिले ते गेले. गंमत अशी की शोकांतिकांच्या कथा लिहिणारे चार्ल्स लॅम्ब स्वतः निराळ्या टोकाचे होते: 1811 साली एका निबंधात त्यांनी मांडले की शेक्सपिअरच्या शोकांतिका इतक्या आंतरिक आहेत की त्या रंगमंचावर करणेच योग्य नव्हे. मोठ्यांसाठी आंतरिक आणि मुलांसाठी घटनाक्रम, ही वाटणी मला कधीच पटली नाही. मुलांना अंतरंग नसते असे तिच्या मुळाशी गृहीत आहे, आणि ज्याला आपले पंधरावे वर्ष आठवते त्याला ते खोटे आहे हे ठाऊक असते.

संस्कारवाद्यांचे उत्तर मात्र मला विरोधकांपेक्षाही कडक शब्दांत द्यावेसे वाटते, कारण त्यांच्या वकिलीनेच नाटकाचे अधिक नुकसान होते. शोकांतिका वाचून माणूस सुधारतो, हे त्यांचे म्हणणे. अब्राहम लिंकन यांचे उदाहरण त्यांना आवडेल. शाळेत जेमतेम वर्षभर गेलेला हा माणूस शेक्सपिअर पुनःपुन्हा वाचत राहिला. 1863 साली एका नटाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी लिहिले की मॅकबेथच्या तोडीचे काहीच नाही असे मला वाटते. 9 एप्रिल 1865 रोजी, यादवी युद्ध संपत असताना, बोटीवर सोबत्यांना त्यांनी याच नाटकातला तो भाग मोठ्याने वाचून दाखवला, ज्यात मॅकबेथ मेलेल्या डंकनचा हेवा करतो: तो थडग्यात आहे, जीवनाच्या तापानंतर शांत झोपला आहे, आता त्याला काहीही स्पर्श करू शकत नाही. पाच दिवसांनी लिंकन यांना गोळी लागली. इथवर ठीक. पण गोळी झाडणारा जॉन विल्क्स बूथ कोण होता? शेक्सपिअरच्या भूमिका करणाऱ्या घराण्यातला, स्वतः त्या भूमिका गाजवलेला नट. पळत असताना त्याने आपल्या टिपणवहीत खंत लिहिली की ज्या कृत्याबद्दल ज्युलियस सीझरला मारणाऱ्या ब्रूटसचा गौरव झाला तेच केल्याबद्दल माझी शिकार होते आहे. म्हणजे हेच नाटककार मारल्या गेलेल्याच्या ओठांवर होते आणि मारणाऱ्याच्याही रक्तात. मग संस्कार कुठे गेला? शोकांतिका लस नाही, आणि तशी ती विकली की बूथसारख्या एका उदाहरणाने दुकान बंद होते. तिच्या वाचनाने माणूस चांगला होईल याची हमी कोणी देऊ नये. आपल्या मनाचे बोलणे ऐकायला ती शिकवू शकते. ऐकून पुढे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे आहे.

सायमन फोरमन नावाच्या वैदूचे टिपण या संदर्भात मला फार बोलके वाटते. 1611 साली ग्लोब नाट्यगृहात त्याने ‘मॅकबेथ’ पाहिले आणि आठवले ते लिहून ठेवले. हा गृहस्थ नाटकांतून व्यवहाराचे धडे काढणारा होता. दुसऱ्या एका नाटकाबद्दल त्याने भोंदू भिकाऱ्यांपासून सावध राहावे असा बोध नोंदवला आहे. ‘मॅकबेथ’च्या टिपणात मात्र बोध नाही. हातांवरचे रक्त कशानेही निघेना, बँकोचे भूत येऊन मागे खुर्चीत बसले, राणी रात्री झोपेत उठली, बोलली, सगळे कबूल करून गेली आणि वैद्याने तिचे शब्द टिपून घेतले, इतकेच. बोध काढायची सवय असलेला माणूसही इथे फक्त पाहत राहिला.

भाषेचा आक्षेप मी थोडक्यात उरकतो, कारण तो मराठीत तरी फारसा टिकत नाही. चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी मुलांना कळत नाही, हे खरे. ती इंग्रज मुलांनाही कळत नाही. पण मूळ नाहीतर काहीच नाही, असा हट्ट कोणी सांगितला? आगरकरांनी 1883 साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, शि. म. परांजपे यांनी ‘मॅकबेथ’चा ‘मानाजीराव’ केला आणि शिरवाडकरांनी 1954 साली ‘राजमुकुट’. शोकांतिका मायबोलीत आणता येते की नाही, हा प्रश्न या मंडळींनी सोडवून ठेवला आहे. मुलांनी आधी मराठीत ऐकावे, मग मुळातल्या चारदोन ओळींपाशी थांबावे आणि भाषांतरकाराने काय राखले, काय सोडले यावर भांडावे. अनुवादाला दुय्यम मानणारी माणसे रशियन कादंबऱ्या कोणत्या भाषेत वाचतात, असे मला कधीकधी विचारावेसे वाटते.

याहून कठीण आक्षेप असा की, हे नाटक सगळे खापर बायकांवर फोडते. चेटकिणींनी बहकवले, बायकोने भरीस घातले, आणि बिचारा शूर सरदार बुडाला, हे मुलांच्या मनात रुजले तर? रुजू शकते, आणि वाईट शिकवले तर रुजतेच. पण त्यावर उपाय नाटक टाळणे हा नसून त्याला उलटतपासणीत उभे करणे हा आहे, आणि त्यासाठी नाटक स्वतःच साक्षीपुरावा देते. डंकनच्या खुनात बायको सामील आहे. बँकोच्या खुनाच्या वेळी मात्र मॅकबेथ तिला सांगतो की लाडके, तू अजाण राहा, झाल्यावर टाळ्या वाजव. मॅकडफ या सरदाराच्या बायकामुलांच्या कत्तलीशी तर तिचा काहीच संबंध नाही. ती लागत होती ती पहिल्या पायरीला. नंतर त्याला कोणाचीच गरज उरत नाही. रक्तात इतका आत आलो आहे की परत फिरणे पुढे जाण्याइतकेच कंटाळवाणे, असे तो म्हणतो. भयंकर नव्हे, कंटाळवाणे! हा शब्द मुलांना दाखवावा.

आणि उलटतपासणी करायचीच, तर पुरती करावी. पहिल्याच अंकात एक जखमी शिपाई मॅकबेथचा पराक्रम सांगतो: त्याने शत्रूला बेंबीपासून जबड्यापर्यंत उसवले आणि त्याचे मस्तक तटावर लावले. ते ऐकून राजा म्हणतो, वा, शूर आप्ता! शेवटच्या अंकात मस्तक मॅकबेथचे आहे आणि नवा राजा त्याला खाटीक म्हणतो. मधल्या काळात बदलले काय? हिंसा तर तीच आहे. ती कोणाच्या सेवेत आहे, एवढेच बदलले. खरा मॅकबेथ इतिहासात आहे: डंकन 1040 साली लढाईत मारला गेला, शयनगृहात नव्हे, आणि मॅकबेथने त्यानंतर 1057पर्यंत, सतरा वर्षे, स्कॉटलंडवर राज्य केले, 1050 साली तो रोमच्या यात्रेला जाऊन गरिबांना पैसे वाटून आला. शेक्सपिअरने कथा घेतली ती होलिनशेड या इंग्रज इतिहासकाराच्या बखरीतून, आणि त्या बखरीत बँको हा खुनातला साथीदार आहे. नाटकात तो निष्कलंक कसा झाला? 1603पासून इंग्लंडच्या गादीवर बसलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत होता. 1605च्या नोव्हेंबरात त्याला पार्लमेंटसकट उडवून देण्याचा कट उघडकीस आला होता, आणि शेक्सपिअरची नाटक मंडळी राजाच्याच आश्रयाने चालत होती. महत्त्वाकांक्षेची गोष्ट नेहमी कोणीतरी सांगत असते आणि ती सांगणाऱ्याचे पोट कोणीतरी भरत असते, हे पंधराव्या वर्षी कळले तर त्यात वाईट काय?

राहता राहिला परीक्षेचा मुद्दा. ‘मॅकबेथच्या अधःपतनाची कारणे लिहा’ असा प्रश्न दहा गुणांना पडणार असेल, गाइडमध्ये त्याचे उत्तर क्रमवार छापलेले असेल आणि नाटक न उघडताच पूर्ण गुण मिळणार असतील, तर हे सगळे व्यर्थ आहे, या म्हणण्यापुढे माझ्याकडे प्रतिवाद नाही. मी शिकवत असताना हे पाप मीही केले आहे. पाठांतरासाठी कारणांची यादी दिली आणि मुलांनी ती इमानेइतबारे परत केली. त्या उत्तरांत मॅकबेथ नावाच्या माणसाऐवजी ब्लडप्रेशर असते तरी यादी तशीच चालली असती.

पुढच्या वर्षी त्याच वर्गात मी दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश मोठ्याने वाचून घेतला. खून पडद्याआड झालेला असतो. नाटककार तो दाखवतच नाही, त्यामुळे रक्ताला घाबरणाऱ्या पालकांनी खरे तर आवाजाला घाबरायला हवे. नवरा जिना उतरून येतो. ‘तुम्ही बोललात?’ ‘कधी?’ ‘आत्ता.’ ‘मी उतरताना?’ ‘हो.’ एवढाच संवाद, एकेका शब्दाचा. दोघा मुलांनी तो आधी नाटकी आवाजात, ओरडून वाचला आणि वर्ग हसला. मी म्हटले, वरच्या खोलीत लोक झोपले आहेत, ते उठता कामा नयेत, तसे वाचा. दुसऱ्यांदा त्यांनी कुजबुजत वाचला आणि कोणी हसले नाही. पुढे मॅकबेथ सांगतो की झोपेत कोणी ‘देव आपले भले करो’ म्हणाले आणि मला ‘आमेन’ म्हणता आले नाही, ते घशातच अडकले. शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, ‘बाई, आत्ताच खून करून आलाय, आणि आमेन म्हणता आलं नाही याचं त्याला नवल कसलं वाटतं?’ मला उत्तर सुचले नाही. समोरच्या एका मुलीने दिले: ‘त्याला वाटलं असेल, काम झालं की आपण परत आधीसारखे होऊ.’ गाइडमधल्या कारणांत हे कारण नव्हते.

मग दारावरची टकटक आली. संहितेत ती पुन्हा पुन्हा येते, म्हणून एका मुलाला मी वर्गाबाहेर उभे केले होते आणि खूण केली की दार वाजव असे सांगितले होते. तो वाजवत राहिला. मॅकबेथ वाचणारा मुलगा ‘डंकनला जागे कर तुझ्या ठोठावण्याने, तुला ते जमले असते तर!’ या ओळीपाशी आला तेव्हा त्याचा आवाज आपोआप खाली गेला; मी काही सांगितले नव्हते. डी क्विन्सी या इंग्रज निबंधकाराने 1823 साली या टकटकीवर एक निबंधच लिहिला, कारण लहानपणापासून तिचा मनावर होणारा परिणाम त्याला उमगत नव्हता. थांबलेले जग पुन्हा चालू झाल्याचा तो आवाज आहे, असे त्याने शेवटी ठरवले. त्यानंतर झिंगलेला द्वारपाल येतो, नरकाचा दरवान असल्याचे सोंग करत. कोलरिजसारख्या रसिक कवीला हा भाग इतका हलका वाटला की तो शेक्सपिअरचा नसावा, असे त्याने म्हणून टाकले. वर्ग मात्र खळखळून हसला, आणि हसता हसता दोन-तीन चेहरे एकदम ओशाळले, कारण वरच्या खोलीत काय आहे ते त्यांना ठाऊक होते. मी त्या चेहऱ्यांकडेच बघत राहिले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा दार वाजवणारा मुलगा अजून बाहेरच उभा होता. त्याला आत बोलवायचे आम्ही सगळेच विसरलो होतो.